फर्मा बांधून ठेवलाय

सांगली,
मार्गशीर्षातला गुरुवार, दुपार

प्रिय सखे,

आज कागदावर लिहिते आहे, कारण कॉम्प्युटर कामात आहे. त्याची अख्खीच्या अख्खी नक्कल काढायला बसवलीय. पडद्यावर आकडे सरकताहेत, १२ टक्के झालेत, आणि पुरं होईतो त्याला हात लावायचा नाही. थंडीतलं ऊन दुकानाच्या पायरीपर्यंत आलंय, नाना आतल्या खोलीत लवंडलेत, जुळारीकाका भडंगाचा पुडा सोडून बसलेत. लग्नसराईत एवढी निवांत दुपार कुठली मिळायला! म्हटलं, तुझ्याशी बोलावं. तिकडे एडमंटनला मध्यरात्र उलटून गेली असेल. तू झोप, मी बोलते.

तुझा परवाचा निरोप तीनदा ऐकला. लॅपटॉप म्हणतोय विंडोज १० संपलं, ११ त्याच्यावर बसत नाही, नवा घ्यावा तर आईच्या ओव्यांचं काय करू? आणि शेवटी तुझं ते नेहमीचं, ‘तशी मी सगळं पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलंय म्हणा.’ ते ऐकलं आणि मला स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला आठवला. मार्कशीटच्या तीन कोऱ्या करकरीत प्रती छातीशी धरून तू गाडीत जागासुद्धा पकडलीस, आणि मूळ मार्कशीट तिकडे काचेखाली! काय ती पळापळ, काय तो तुटलेला चपलेचा अंगठा. कंडक्टरने गाडी थांबवून ठेवली, ती केवळ तुझं रडकं तोंड बघून. बाई गं, प्रती काढायची तुझी हौस जुनी आहे. म्हणून तर हे पत्र.

तुला सांगते, फाइली जपल्या म्हणजे कॉम्प्युटर जपला असं होत नाही. ही गोष्ट मला कृष्णामाईने शिकवली. २०१९ चा ऑगस्ट तू तिकडे बातम्यांत पाहिलास, इथे आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात आमच्या दुकानाची पाटी तेवढी वर दिसत होती म्हणे. निघताना मी दोन हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पदराखाली धरून ताईकडे विश्रामबागला गेले. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांचे अहवाल, तुझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा, सगळं कोरडं राहिलं. मला वाटलं, जिंकलो.

पाणी ओसरलं, चिखल उपसला, सेकंड-हँड मशीन आणलं, फाइल उघडली. ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि डॉलरची चिन्हं. नाना चष्मा पुसत म्हणाले, ‘गणपती कुठाय?’ फाइल धडधाकट होती गं, पण आमचे जुने फाँट युनिकोडच्या आधीच्या काळातले. तो फाँट मशीनमध्ये नसेल तर आतलं मराठी मराठी राहतच नाही. फाँटच्या प्रोग्रॅमला डोंगल, म्हणजे मशीनला खोचायची चावी, लागतो, तो पाण्यात गेलेला. पानं जुळवायच्या पेजमेकर प्रोग्रॅमची शेवटची आवृत्ती २००१ ची, तिची सीडी चिखलात. काकांच्या बोटांना सवय असलेला कीबोर्ड कुठल्या खिडकीत जाऊन निवडायचा ते कुणालाच आठवेना. प्लेटवाल्याला लागतील तशी मापं, प्रिंटरचा ड्रायव्हर, मार्जिनं... एकेक बसवत अठरा दिवस गेले. गणपतीच्या अहवालांची कामं त्या अठरा दिवसांत दुसरीकडे गेली. ज्यांचं दुकान बुडालं नव्हतं त्यांना ती मिळाली, ते ठीकच. पण मला रात्री झोप लागत नसे.

त्या दिवसांत एकदा जुळारीकाका सहज बोलून गेले, ‘ताई, फर्मा सोडला की परत सगळं जुळवावं लागतं.’ आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. तुला तो जुना छापखाना आठवतोच. खिळ्यांच्या खणांत हात घालून तू ‘ळ’ शोधत बसायचीस आणि नानांचा ओरडा खायचीस. तेव्हा काम छापून झालं की खिळे सुटे करून आपापल्या खणात परत. पण दरवर्षी लागणारं काम असेल, पंचांगाचं पान किंवा संस्थेची पावती, तर जुळवलेल्या खिळ्यांचा तो फर्मा दोरीने आवळून तसाच्या तसा फळीवर ठेवायचा. पुढच्या वर्षी उचलला, यंत्रावर चढवला, शाई लावली. मी पदराखाली नेले होते ते नुसते छापलेले कागद. फर्मा पाण्यात सुटला होता.

(२९ टक्के. उरलेला वेळ ३१ मिनिटं दाखवतोय.)

फर्मा बांधायची दोरी दाखवली भाच्याने. तो तेव्हा वालचंद कॉलेजला दुसऱ्या वर्षाला होता. पेनड्राइव्हवर क्लोनझिला नावाचं काहीतरी घालून घेऊन आला. आता ‘झिला’ म्हटल्यावर नानांना वाटलं जपानी सिनेमातला तो राक्षस. त्याआधी एक हार्डवेअरवाला ‘घोस्ट मारून देऊ का’ विचारून गेला होता, तेव्हा आजी देवघरातून उदबत्ती घेऊन बाहेर आली होती. भूत झालं, राक्षस झाला, आता आणखी काय येतंय म्हणून ती दारातच बसून राहिली. (घोस्ट हा न्यूझीलंडमध्ये तयार झालेला जुना प्रोग्रॅम. आपल्याकडे डिस्कची नक्कल करण्याला सगळे अजून ‘घोस्ट मारणं’च म्हणतात, जसं कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स.)

यातली मेख समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. विंडोज चालू असताना ते क्षणाक्षणाला कुठेतरी काहीतरी लिहीत असतं. पोर वळवळत असताना झबल्याचं माप घेता येत नाही, ते झोपल्यावर घ्यायचं. म्हणून मशीन विंडोजने सुरूच करायचं नाही. पेनड्राइव्हवर क्लोनझिलाबरोबर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी प्रणाली, येतं, ते सुरू करायचं. ते मेमरीत उभं राहतं, तुझ्या डिस्कवर स्वतःचं काहीही बसवत नाही. मग ते डिस्ककडे बाहेरून बघतं आणि तिच्यावरचे सगळे भाग उचलतं. तुला ‘सी’ तेवढा दिसतो, पण त्याच्या अलीकडे १०० एमबीचा एक चिमुकला भाग असतो. मशीन सुरू होताना पहिलं दार तोच उघडतो. फाइली पेनड्राइव्हवर टाकून हा भाग कधीच येत नाही. आज पाहिलं, तो पापणी लवायच्या आत झाला. आता चाललाय तो ‘सी’.

आणि गंमत म्हणजे ते रिकामी जागा उचलत नाही. आमची डिस्क ५०० जीबीची, भरलेली १४० च्या आसपास. पार्टक्लोन नावाचा त्याच्या पोटातला प्रोग्रॅम एनटीएफएस, म्हणजे विंडोजची मांडणी, वाचतो, वापरलेल्या जागा तेवढ्या घेतो, वर क्लोनझिला त्या दाबून लहान करतं. ९० जीबीच्या आत सगळा संसार मावतो, या नकलेला इमेज म्हणतात. तिचे चार-चार जीबीचे तुकडे करून ठेवायचीही सोय आहे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या डिस्कवरही मावावेत.

हे क्लोनझिला कुठून आलंय सांगू? तैवानमधून. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगमध्ये स्टीव्हन शियाऊ आणि त्यांच्या सोबत्यांनी हे उभं केलं आणि सगळ्यांना मोफत देऊन टाकलं, आतल्या कोडसकट. लॅबमधली सगळी मशीनं एका दमात भरायचीही त्यात सोय आहे. ४२ मशीनांवर एकदम, मिनिटाला ८ जीबीच्या वेगाने इमेज उतरल्याची नोंद आहे. आपल्या कॉलेजचे ते सर आठव, एकेका मशीनपुढे सीडी घेऊन बसलेले. आठवडाभर लॅबच्या दाराला ‘काम चालू आहे’ची पाटी, आणि त्या आठवड्यात तू आणि मी रोज तीनचा शो. मला त्या अनोळखी तैवानी माणसांबद्दल फार वाटतं गं. एक पै न घेता त्यांनी गावभागातल्या एका छापखान्याचा फर्मा बांधून दिला.

(४६ टक्के. काकांनी भडंग पुढे केलं. हात तेलकट झालेत, कागदावर डाग पडला तर तो सांगलीचा समज.)

आता तुझ्या कामाचं. पहिल्याच वेळी क्लोनझिला अडलं. विंडोज नीट बंद झालेलं नाही, आधी ते सुरू करून नीट बंद करून या, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहून थांबलं. मी तर स्वतःच्या हाताने शटडाऊन केलं होतं! भाचा म्हणाला, मावशी, विंडोज ८ पासून हे शटडाऊन म्हणजे एक डोळा उघडा ठेवून झोपणं आहे. सकाळी लवकर उठता यावं म्हणून ते आपला थोडा पसारा डिस्कवर तसाच मांडून ठेवतं. त्याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जायचं, पॉवर बटणाने काय करायचं ते जिथे लिहिलंय तिथे त्याच्यापुढची खूण काढायची, मग बंद करायचं. एवढं केलं आणि सुतासारखं सरळ झालं.

दुसरं, आणि हे तू दोनदा वाच. तुझा लॅपटॉप कंपनीतून आलाय तसाच असेल तर त्यात बिटलॉकर चालू असू शकतं. म्हणजे डिस्कला आतून कुलूप. लिनक्सला त्या कुलपाआड काय भरलंय आणि काय रिकामं आहे ते दिसत नाही, मग ते बिचारं रिकाम्या जागेसकट सगळी डिस्क कण न् कण उचलत बसतं. वेळही तेवढा, जागाही तेवढी. आधी बिटलॉकर बंद कर, ते डिस्क उघडी करायला वेळ घेईल, घेऊ दे, मग इमेज काढ आणि नंतर पुन्हा चालू कर. आणि काहीही करायच्या आधी त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरव. मशीन वेगळ्या रस्त्याने सुरू केलं की ते ती मागू शकतं. कागद कुठे ठेवायचा ते ठरव. झेरॉक्सच्या मशीनमध्ये नको.

तिसरं नावांचं. लिनक्समध्ये ‘सी’, ‘डी’ नसतं. डिस्कांना एसडीए, एसडीबी म्हणतात, नव्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई आणि पुढे आकडे. कुठली आतली आणि कुठली बाहेरची, हे नावावरून ओळखायला जायचं नाही. शेजारी आकार आणि कंपनीचा नंबर लिहिलेला असतो, तो वाचायचा. म्हणून मी बाहेरची डिस्क मुद्दाम १ टीबीची घेतली, दोघींत गोंधळ नको. वर लाल टिकली लावलीय, म्हणजे खणातून काढताना हाताला चटकन लागते.

तुला तो निळा-करडा पडदा, बाणांच्या कळांनी वरखाली करणं नको वाटेल, मला माहीत आहे. तुझ्यासाठी रेस्क्यूझिला आहे. तसंच पेनड्राइव्हवरून सुरू होतं, पण माउस चालतो, मोठी बटणं आहेत, बॅकअप, रिस्टोअर. आणि क्लोनझिलाने काढलेली इमेज त्याला उघडता येते, त्याची क्लोनझिलाला. दोन जावांचं इतकं पटलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही. मी मात्र क्लोनझिलाचीच. सवय झाली, आणि त्याचा एक स्वभाव मला आवडतो. इमेज काढताना ते फार बोलत नाही, पण परत उतरवताना, म्हणजे समोरच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार असतं तेव्हा, ते विचारतं, नक्की ना? ‘हो’ म्हटलं की लिहितं, ‘लेट मी आस्क यू अगेन’. परत एकदा विचारतो! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीच आठवली, ‘गॅस बंद केलास? नक्की? परत एकदा बघून ये.’ यंत्राने एवढी माया दाखवावी! मी दरवेळी त्या दुसऱ्या प्रश्नाशी थांबते, डिस्कचा आकार बोटाने दाखवून काकांना वाचायला लावते, ते मोठ्याने म्हणतात ‘पाचशे’, आणि मगच कळ दाबते.

परत उतरवण्याचं मुद्दाम सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. इमेज काढून कपाटात ठेवली आणि विसरली, तर ती आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं. मी दुसरी एक ५०० जीबीची डिस्क विकत घेतली, फक्त करून बघायला. मूळ डिस्कपेक्षा लहान चालत नाही, हे लक्षात ठेव. एका रविवारी भाच्याने मूळ डिस्क काढून बाजूला ठेवली, कोरी लावली, इमेज तिच्यावर उतरवली. दोन्ही एकदम लावून विंडोज सुरू करायचं नाही, जुळ्या बहिणी बघून ते गोंधळतं. तर, बटण दाबलं. काळा पडदा. नाना, आजी, काका, सगळे मागे उभे, आजीच्या हातात पुन्हा उदबत्ती. मग तो निळा प्रकाश, आणि त्यावर पडद्यावरचा आपला नेहमीचा औदुंबरचा फोटो. पेजमेकर उघडलं. आदल्या दिवशीची अर्धवट पत्रिका, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ इथवर टाइप झालेली. काकांनी खुर्ची ओढली, न बघता दोन कळा दाबल्या, आणि अक्षर उमटलं. मराठी. ते काही बोलले नाहीत, बोटं धोतराला पुसली आणि पुढची ओळ टाइप करायला लागले. मी मागे जाऊन तोंड धुऊन आले.

(७१ टक्के.)

त्यात एक उणं आहे. इमेजमधून एकच पत्रिका तेवढी काढून दे म्हटलं तर क्लोनझिला सरळ देत नाही, आणि कालच्यापेक्षा आज बदललं तेवढंच घे हेही त्याला येत नाही. दरवेळी सगळा फर्मा. म्हणून रोजचं काम मी रोज संध्याकाळी वेगळं उतरवून घेते, आणि इमेज महिन्यातून एकदा, किंवा काही नवं बसवायच्या आधी. मशीनचं विंडोज १० आहे. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला त्याचे नेहमीचे अपडेट थांबले, आणि याचा प्रोसेसर ११ ला चालत नाही. मी त्याचं इंटरनेट काढून टाकलंय. ते आता फक्त अक्षर जुळवतं. मेल आणि बाकीचं दुसऱ्या मशीनवर.

आणि तुझी डिस्क जर खट्-खट् आवाज करत असेल, किंवा फाइल उघडायला घटका घटका लावत असेल, तर यातलं काही करू नकोस. लगेच बंद कर. समोरच्या फोटो स्टुडिओचं तसं झालं होतं. तिथे भाच्याने डीडीरेस्क्यू चालवलं. ते आधी सोपं सोपं उचलतं, अडलं की तिथे रेंगाळत नाही, पुढे जातं, आणि शेवटी अडलेल्या जागांशी परत येऊन एकेक कण सोडवत बसतं. कुठवर आलो त्याची वही ठेवतं, मध्येच थांबवलं तरी तिथून पुढे. शेंगा फोडताना आजी घट्ट शेंगा बाजूला टाकत जाते ना, तसंच. दोन रात्री चाललं. एका बारशाचे काही फोटो गेले, बाकी सगळे निघाले. तो फोटोवाला आता मला रोज नमस्कार करतो आणि डिस्क मात्र अजून एकच वापरतो.

तुझ्या लॅपटॉपमध्ये काय आहे ते मला ठाऊक आहे. काकू जात्याशी बसून ओव्या म्हणताहेत, मागे तुमच्या परसातल्या कोंबड्या, आणि मध्येच तुझा आवाज, ‘आई, ती परत म्हण.’ त्या तू ऐकून ऐकून लिहून काढल्यास, कुठे थांबल्या, कुठे खोकल्या त्याच्या खुणांसकट, त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जो आता कुठे मिळत नाही. आवाज पेनड्राइव्हवर असेल. पण त्या खुणा आवाजाला जिथे चिकटल्यात, ते त्या लॅपटॉपशिवाय कुठेच नाही, हो ना? नवा खुशाल घे. पण आधी जुन्याची इमेज काढ, आणि एक नको, दोन डिस्कवर काढ. उन्हाळ्यात येशील तेव्हा त्यातली एक घेऊन ये. आमची टिकलीवाली डिस्क ताईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात असते, शालूंच्या खणात, जिथवर कृष्णामाई येत नाही. तिच्या शेजारी जागा करायला ताईला आजच सांगते. काकूंना शालूंची सोबत आवडेल.

शंभर टक्के झाले. आता ते स्वतःच काढलेली इमेज पुन्हा वाचून तपासतंय, सगळं उतरलंय की नाही. नाना उठले, विचारताहेत, झालं का, जोशांच्या पत्रिकेचं प्रूफ चारला न्यायला येणार आहेत. काका म्हणाले, ‘थांबा, दोरी आवळतायत.’ मी चहा टाकते.

तुझीच